कोल्हापूरची पेठ आणि दिल्लीचे मैदान
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



6 ऑक्टोबर 2017 रोजी याच दिल्लीतील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताने फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेत प्रथमच पाऊल ठेवले. स्पर्धा सतरा वर्षांखालील मुलांची होती आणि समोर अमेरिकेचा संघ होता. भारताच्या आघाडीच्या फळीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळत होता. त्याच चमूत मुंबईत जन्मलेला, पण अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता. मराठी मूळ कोठेही रुजू शकते, हे दिल्लीतील मराठी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

अनिकेतचे वडील कोल्हापुरात रिक्षा चालवीत. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घराने कोवळ्या वयाच्या मुलाला खेळासाठी परगावी धाडणे, ही साधी गोष्ट नव्हे. ते धैर्य त्या घराने दाखविले आणि अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. राज्य शासनाच्या या संस्थेत निवास, शिक्षण आणि प्रशिक्षण यांची सोय एकत्र असते.

या घराच्या पाठीशी एका नगरीची परंपराही होती. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि कोल्हापुरात तालमी बहरल्या. पुढे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या नावांनीच फुटबॉलचे संघ उभे राहिले. तेथील तालीम म्हणजे निव्वळ आखाडा नव्हे. गणेशोत्सव असो वा महापुराचे संकट, पेठेतील तरुण तेथूनच कामाला निघतात. खेळ आणि समाजसेवा यांचा उंबरठा तेथे एकच आहे.

दिल्लीत भारताने तिन्ही सामने गमावले. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2 आणि घानाकडून 0-4. मणिपूरच्या जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध केलेला गोल हीच काय ती शिदोरी. तथापि, दीड महिन्यातच, 29 नोव्हेंबरला, इंडियन ॲरोजकडून खेळताना अनिकेतने आय-लीगमध्ये चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल केले. 2018 मध्ये स्पेनमधील स्पर्धेत वीस वर्षांखालील भारतीय संघाने अर्जेंटिनाला 2-1 असे नमविले. त्या सामन्यात अनिकेतला लाल कार्ड मिळाले आणि उरलेल्या दहा जणांनी विजय खेचून आणला. पुढे 2021-22 मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या चमूत तो होता. मार्च 2022 मध्ये वरिष्ठ भारतीय संघाचे दारही त्याच्यासाठी उघडले.

पालकहो, ही वाटचाल गुणपत्रिकेसारखी एका ओळीत वाचता येत नाही. तीत पराभव आहेत, चूक आहे आणि सावरणेही आहे. एका खेळाडूमागे वडिलांची रिक्षा, पेठेचे प्रेम आणि शासनाची संस्था अशी तिघांची पुण्याई उभी असते. राजधानीत मुलाची संध्याकाळ शिकवणी वर्गात सरते. मैदान दूर राहते आणि पेठ तर नसतेच. ती पेठ होण्याचे काम शाळेने आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांनी करावयाचे आहे.

हीरक महोत्सवाच्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी शाळेला देणगी अवश्य द्यावी. परंतु, आठवड्यातील एक संध्याकाळ मैदानावरील मुलांना दिली, तर ती देणगी अधिक मोलाची ठरेल.