कोठीचा पत्रा आणि दोन लपलेली वर्तुळं

दहावीच्या भूमितीतलं 'महत्त्वमापन' आठवतंय? वृत्तचितीला शंकू जोडा, सूत्रं टाका, मार्क घ्या. आज तेच गणित, पण रुपयांत.

समजा, गव्हासाठी पत्र्याची कोठी करायचीय. मधली वृत्तचिती 2 मीटर व्यासाची, 3 मीटर उंच. खाली धान्य उतरायला 1 मीटर उंचीचा उलटा शंकू. वर सपाट झाकण. कोठी चार पायांवर उभी.

घनफळ सोपं आहे. चितीचं 9.42, शंकूचं 1.05, बेरीज 10.47 घनमीटर. झालं.

पृष्ठफळात मात्र ही बेरीज फसवते. दोन्ही आकारांची एकूण पृष्ठफळं जोडली तर 32.71 चौरस मीटर येतात. पण शंकू चितीला जिथे चिकटतो तिथे पत्राच नाहीये ना! तिथे पत्रा असता तर गहू खाली उतरला असता का? चितीचा तळ आणि शंकूचं तोंड, ही दोन वर्तुळं उगाच मोजली गेली. खरा हिशोब असा: चितीचं वक्रपृष्ठफळ 18.85, शंकूचं 4.44, झाकण 3.14. एकूण 26.43. (शंकूला तिरकस उंची घ्यायची हं, म्हणजे 1.414. सरळ उंची नाही.)

आता वजन. पत्रा 3 मिलिमीटरचा, म्हणजे 0.003 मीटर. कोडमध्ये मी व्हेरिएबलच्या नावातच युनिट लिहितो, ते याचसाठी. स्टीलची घनता घनमीटरला 7850 किलो. कोठी भरते साधारण 622 किलो. त्या दोन वर्तुळांचे जास्तीचे किती? 148 किलो! फॅब्रिकेटर किलोवर भाव लावतो. किलोला 100 रुपये धरले तर 14,800 रुपये नसलेल्या पत्र्याचे.

आणि पाय? ते 622 किलोवर ठरवू नका. गव्हाचा दाणा पाण्यात बुडतो, म्हणजे पाण्यापेक्षा जड. पण भरलेल्या गव्हात दाण्यांमध्ये हवा असते. म्हणून घनमीटरला साधारण 750 किलोच धरायचे. तरी गहू 7,850 किलो होतो. कोठीसकट जवळपास साडेआठ टन, म्हणजे एकेका पायावर दोन टनांहून जास्त.

आता तुम्ही सांगा: सपाट झाकणाऐवजी अर्धगोल घुमट बसवला, तर पत्रा किती किलो वाढेल? उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा.