अर्जावरचा फोटो आणि अंगावरचे कपडे



शिक्षणाच्या मेळाव्यात हा मास्तर कपड्यांवर बोलायला उभा राहिला, याचे काहींना नवल वाटेल. पण बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आपल्या मुलाने किंवा लेकीने शिकावे असे तुम्हाला वाटत असेल, तर वाट 'नीट'च्या अर्जातून जाते आणि त्या अर्जावर फोटो लागतो. एमआयडीसीतल्या नोकरीचे ओळखपत्र घ्या, पासपोर्ट घ्या, तेच.

आधी मुलांचे सांगतो. इंदापूर काय नि बारामती काय, स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट आणि तयार गाठीचा टाय टांगलेला असायचा. आला गिऱ्हाईक की चढव अंगावर! खांदे एकाचे, कोट दुसऱ्याचा. आता संगणकावरच कोट चिकटवतात आणि वर चेहरा गोरा करून देतात. हा सोस मला मुळीच पसंत नाही. परीक्षाकेंद्रावरचा पर्यवेक्षक फोटो पाहतो, मग समोरचा मुलगा पाहतो. त्याला दोन्ही एकच दिसले पाहिजेत.

मागचा पडदा बहुधा पांढरा मागतात. त्यावर ईदचा पांढरा कुर्ता घातला की खांद्याची कडा पडद्यात विरते आणि नुसती मान अधांतरी दिसते. निळा, तपकिरी, गर्द हिरवा असा एकरंगी, कॉलरचा, इस्त्रीचा शर्ट घाला. बारीक चौकडी नको. रोजचा चष्मा असू द्या, मात्र काचेवर दिव्याची चकाकी येऊ देऊ नका. 'नीट'च्या फोटोत टोपी चालत नाही, ती तेवढ्यापुरती खिशात ठेवा.

आता मुलींचे. काही वडील म्हणतात, "सर, फोटो सोडून बाकी सगळे भरा." लेकीचा चेहरा कोणा अनोळखी माणसाच्या हाती जाणार, ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही. पण फोटोवाचून अर्ज पुढे जात नाही आणि तिची दोन वर्षांची मेहनत तिथेच अडते. मतदारयादीत पर्दानशीन स्त्रियांचे फोटो नकोत, ही मागणी मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली फेटाळली. म्हणजे ओळखीच्या कागदावर चेहरा उघडाच हवा.

डोके मात्र झाकता येते. पासपोर्टच्या नियमात धार्मिक कारणाने डोके झाकलेले चालते. हनुवटीपासून कपाळापर्यंतचा भाग आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा स्वच्छ दिसायला हव्यात. 'नीट'च्या पुस्तिकांत ८० टक्के चेहरा दिसावा असे म्हटलेले असते, कानांचाही उल्लेख आढळतो. तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका वाचा आणि स्कार्फ किती मागे घ्यायचा हे आईने मुलीशी बसून आधीच ठरवा. स्टुडिओत उभे राहून वाद नको.

स्कार्फ साधा, एकरंगी घ्या. काळ्या कपड्यावर काळा स्कार्फ घेतला की सगळे एकच डाग होते. कपाळावर त्याची सावली पडू देऊ नका, चमकणाऱ्या पिना काढा. स्टुडिओत आई किंवा बहीण सोबत असावी. जिथे फोटोची फाइलच चढवायची असते, तिथे घरी, दारातल्या उजेडात, पांढऱ्या चादरीपुढे बहिणीने मोबाइलवर काढलेला फोटोही नियमात बसला तर चालतो.

आणि परीक्षेला जाताना चेहऱ्याची ठेवण फोटोतलीच ठेवा. डोक्यावर स्कार्फ असेल तर केंद्रावर लवकर पोहोचा, तपासणीला वेळ लागतो. २०१६ साली केरळ उच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला स्कार्फची मुभा दिली, तीही तपासणीसाठी आधी येण्याच्या अटीवर.

अर्ज भरण्याआधी फोटो शाळेत दाखवायला आणा. मुलींचे फोटो आमच्या शिक्षिका भगिनी पाहतील. शेवटच्या तारखेच्या रात्री मात्र आणू नका. त्या रात्री संकेतस्थळ कुणाचेच ऐकत नाही.