कंडेन्सरचा जादा पाय
(शाळेच्या विज्ञान मंडळाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)





विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमात बी.ए., बी.एड. झालेल्या शिक्षकाने कंडेन्सरवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मला एका चुकीची कबुली द्यावयाची आहे, म्हणून ही संधी मी मागून घेतली.

शाळेच्या अडगळीच्या खोलीत व्हॉल्व्हचा एक जुना अँप्लिफायर पडून होता. गेल्या वर्षी नववीतल्या एका विद्यार्थ्याने तो दुरुस्तीस घेतला. आवाजात सारखी घरघर येत असे. आतला ॲल्युमिनियमचा डबा, म्हणजे मोठा कंडेन्सर, निकामी झाला आहे हे त्याने बरोबर ओळखले व तसाच दुसरा मिळवून आणला. मात्र जुना काढताना कोणती तार कोठे होती याची खूण करावयाची राहून गेली. त्याने मला विचारले, "सर, कंडेन्सरला टोके दोनच असतात ना? मग डब्याच्या बुडाशी हे तीन पाय कशाला?" मी न पाहताच म्हणालो, "डबा एक, म्हणजे पाय सगळे सारखेच. जोडून टाक एकत्र." त्याने तसे केले. घरघर वाढली, शिवाय भक्‌भक्‌ असा नवा आवाज सुरू झाला. वर्गातील मुले त्याला हसली आणि मी गप्प राहिलो. तीन आठवडे तो मंडळाकडे फिरकला नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. हे मी त्याच वेळी वर्गासमोर सांगावयास हवे होते. ते आज सर्वांसमक्ष सांगतो.

आता त्याच्या प्रश्नाकडे वळू. पाठ्यपुस्तकातील धारित्र, म्हणजेच आपला कंडेन्सर. धातूचे दोन पत्रे आणि मध्ये विद्युतरोधक थर, एवढीच त्याची रचना. १७४५-४६ च्या सुमारास जर्मनीत क्लाइस्ट आणि हॉलंडमधील लायडन येथे मुशेनब्रुक यांच्या हाती काचेच्या बरणीतला पहिला कंडेन्सर आला, तेव्हापासून ती मूलतः बदललेली नाही. पत्रे दोन, म्हणून टोकेही दोन. मग जादा पाय दिसला, तर त्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असते.

पहिले कारण असे की, एका डब्यात एकाहून अधिक कंडेन्सर असतात. आमचा डबा याच जातीचा: ३२, ३२ आणि १६ मायक्रोफॅरडचे तीन कंडेन्सर, तिघांचे ऋण टोक म्हणजे डबा स्वतः, आणि तीन धन टोके वेगळी. अँप्लिफायरच्या निरनिराळ्या टप्प्यांना रोधांमधून वेगवेगळा दाब मिळावा आणि एका टप्प्याची ढवळाढवळ दुसऱ्यात जाऊ नये, यासाठी ते वेगळे ठेवतात. मी ते एकत्र जोडावयास सांगून मधले रोधच निरुपयोगी केले. एअर कंडिशनरमध्येही असा जोड कंडेन्सर आढळतो. त्याच्या टोकांवर 'सी', 'हर्म' आणि 'फॅन' असे लिहिलेले असते. 'सी' हे सामाईक टोक, 'हर्म' काँप्रेसरसाठी व 'फॅन' पंख्यासाठी.

दुसरे कारण केवळ आधाराचे. मोठा, जड कंडेन्सर छापील पट्टीवर हलू नये म्हणून त्याला चार किंवा पाच पाय देतात. विजेचे काम दोनच करतात. पायांची मांडणी मुद्दाम विषम ठेवली, तर तो उलटा बसत नाही हाही लाभ. पण असा पाय 'रिकामा' समजून त्याला दुसरी तार जोडू नये. आतील द्रवामुळे त्याचा ऋण बाजूशी संबंध असू शकतो. तो मोकळा ठेवावा किंवा ऋण टोकाला जोडावा.

तिसरे कारण सूक्ष्म आहे. अतिशीघ्र कंप्रतेच्या प्रवाहाला पायाची लहानशी तारही अडथळा करते. म्हणून काही कंडेन्सरमध्ये एकाच पत्र्याची दोन टोके बाहेर काढतात. प्रवाह एकीकडून आत येतो, दुसरीकडून बाहेर पडतो.

हे ओळखावे कसे? प्रथम वीजपुरवठा तोडावा, प्लग काढावा. कंडेन्सर काही हजार ओहमच्या, पुरेशा वॅटच्या रोधातून रिकामा करावा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नये. २३० व्होल्टचा पुरवठा सरळ केला की कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठू शकतात, आणि रिकामा केल्यावरही थोडा दाब परत चढतो. म्हणून मीटरने दोनदा तपासावे. विद्यार्थ्यांनी हे जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

नंतर डब्यावरचा मजकूर व खुणा वाचाव्यात. मग पट्टीवर त्या पायाची वाट कोठे जाते ते पाहावे. शेवटी कंडेन्सर सोडवून प्रत्येक जोडीची धारिता मोजावी. समजा, एअर कंडिशनरच्या कंडेन्सरमध्ये तीन जोड्यांची मापे ३५, ५ आणि सुमारे ४.४ मायक्रोफॅरड आली. तिसरे माप कोठून आले? एकसर जोडणीत गुणाकाराला बेरजेने भागतात: १७५ भागिले ४०. म्हणजे ४.४ दाखविणारी जोडी 'हर्म' व 'फॅन' यांची. उरलेले टोक सामाईक. जेथे दोन पायांमध्ये सरळ जोड दिसतो, तेथे दोन्ही एकाच पत्र्याचे. जेथे ठाम धारिता मिळत नाही, तेथे तो आधाराचा पाय असण्याचा संभव; पण कंडेन्सर बिघडलेला असला तरी मापे फसवतात, म्हणून उत्पादकाचे माहितीपत्रक पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

तीन आठवड्यांनी तो मुलगा जुना डबा घेऊन माझ्याकडे आला. "सर, पायांजवळ खुणा आहेत. अर्धवर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण. तेच बाजूला आकड्यांपुढे छापलेत." मी बोलण्यापूर्वी जे पाहावयास हवे होते, ते त्याने पाहिले होते. त्या खुणांवरून व एका जुन्या मेकॅनिक चाचांच्या मदतीने त्याने तारा पुन्हा जोडल्या, आणि अँप्लिफायर सुरू झाला.

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैसम यांनी थोरांचे म्हणणेही पडताळून पाहण्याचा आग्रह धरला होता. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. परंतु वर्गात मुलगा 'कशाला?' असे विचारतो, तेव्हा आपणच त्याला 'जोडून टाक' म्हणतो. शिक्षक बंधु-भगिनींनो, उत्तर येत नसेल तर 'चल, पाहू' एवढे म्हणण्यात कमीपणा नाही.

संस्थाचालकांना एकच विनंती आहे. आपल्या प्रत्येक शाळेत धारिता मोजणारा एक मल्टिमीटर असावा. आपली किती तरी मुले दहावीनंतर दुरुस्तीच्या दुकानांतून काम शिकतात. हाताला कसब तेथे मिळेलच; पाहून, मोजून मग बोलण्याची सवय त्यांना येथूनच मिळावी.

 खुदा हाफिज. जय हिंद.