तळ्याच्या पाठीवरील कलह

संथ तळ्याच्या पाण्यावर लांब पायांचे, काडीसारखे किडे सरसर धांवतांना श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. पाय बुडत नाहींत, पाणी फुटत नाहीं. पाण्याचा पृष्ठभाग हीच त्यांची जमीन. प्राणिशास्त्रांत यांच्या एका प्रजातीस गेरिस असें नांव आहे. नर मादीच्या पाठीवर बसलेला, अशीं त्यांचीं जोडपीं पाहून कोणासही तो सुखाचा संसार वाटावा. वस्तुस्थिति निराळी आहे.

नर मादीवर झडप घालतो आणि ती त्याला झुगारून देण्यासाठीं जिवाच्या आकांतानें उसळ्या मारते. एका समागमांत मिळालेलें बीज तिला पुष्कळ दिवस पुरतें. त्यापुढचा प्रत्येक समागम म्हणजे पाठीवरचें ओझें, हुकलेलें भक्ष्य आणि शत्रूच्या तोंडीं जाण्याचा वाढता धोका. नराचा हिशेब उलट: जितके समागम अधिक, तितकी संतति अधिक. डार्विननें १८७१ सालीं नरानरांतील स्पर्धा व मादीची निवड यांचें विवेचन केलें होतें; पण नर व मादी यांचें हितच परस्परविरोधी असूं शकतें, या विचाराला जेफ्री पार्कर यांनीं नेमकें रूप दिलें तें १९७९ सालीं.

हा विरोध शरीरांवर उमटला आहे. कांहीं जातींत नराच्या पोटाशीं मादीला घट्ट धरणारे आंकडे असतात, तर कांहींत मादीच्या पोटाच्या टोकाशीं त्याला दूर ठेवणारे कांटे. आर्नक्विस्ट आणि रो या शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं गेरिसच्या १५ जातींची तुलना प्रसिद्ध केली. दोन्ही पक्षांचीं शस्त्रें सारखींच वाढलीं, तर वर्तनांत फारसा फरक दिसत नाहीं. एक पक्ष किंचित् पुढें गेला, कीं समागमाचें पारडें तिकडे झुकतें. वरवरच्या शांततेखालीं केवढी चुरस दडलेली असते!

कोरियांतील गेरिस ग्रासिलिकॉर्निस या जातींत तर मादीचें जननद्वारच झांकलेलें असतें. तें तिनें आपण होऊन उघडल्याखेरीज नराचा इलाज चालत नाहीं. बळजबरी येथें संपली असें वाटेल; पण नर पाठीवर बसून पायांनीं पाण्यावर थापा मारूं लागतो. त्या थापांचे तरंग पसरतात, आणि तरंगांवरूनच भक्ष्य हेरणारा, उताणा पोहणारा दुसरा एक हिंस्र किडा तिकडे वळतो. तो हल्ला करतो खालून, आणि खालीं असते ती मादी. हान आणि याब्लोन्स्की यांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, या भयापोटीं मादी लवकर वश होते. येथें धमकी हा शब्द सहज तोंडीं येतो. किड्याच्या ठिकाणीं तसा हेतु कल्पूं नये हें खरें. तथापि परिणाम तोच.

मादीनें वाट मोकळी केली, कीं थापांचें काम संपतें.