हजर, रजेवर आणि उत्तर नाही
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



“तू नक्की काय काम करतेस गं?” असं सकाळपासून चौघांनी विचारलं. सगळ्यांना एकदमच सांगते.

तुम्ही मोबाइलवरून पैसे पाठवता, रेल्वेचं तिकीट काढता, तेव्हा दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये संगणक राबत असतात. नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात अशी केंद्रं आहेत. तिथला एक दणकट संगणक म्हणजे होस्ट. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं नांदावीत, तसे एका होस्टवर कितीतरी आभासी संगणक चालतात.

शेकडो होस्टची खबर हाताने ठेवणं अशक्य. म्हणून मी प्रोग्रॅम लिहिते. तो व्हीएमवेअरच्या व्हीसेंटर या मुख्य सर्व्हरला एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या खिडकीतून विचारतो: कोणता होस्ट चालू आहे, मेमरी किती वापरली? थोडक्यात, हजेरी घेतो.

या हजेरीत तीन उत्तरं येतात. ‘कनेक्टेड’ म्हणजे हजर. ‘डिस्कनेक्टेड’ म्हणजे जोडणी मुद्दाम काढलेली, रजेवर. तिसरं ‘नॉट रिस्पॉन्डिंग’, म्हणजे उत्तर नाही. नवखा माणूस इथे फसतो. होस्ट गप्प असला तरी मेमरीचा आकडा मिळतो, पण तो शेवटचा ठाऊक असलेला, शिळा. शिवाय गप्प म्हणजे बंद असंही नाही. नुसती मधली तार तुटली असेल, तर आतली बिऱ्हाडं सुखरूप चालू असतात. म्हणून आधी जोडणीची स्थिती बघायची, मग आकडे. २०११ पासून व्हीएमवेअरने खात्रीची दुसरी वाटही दिली: होस्ट जिवंत असल्याची खूण सामायिक डिस्कवर तपासायची.

हे आपल्याला नवं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडकडे वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. मुंबई-पुण्यात बसून आपण फोन लावत होतो, पलीकडून उत्तर नाही. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, छपरं उडाली, पण गाव बंद पडलं नव्हतं. तार तुटली होती, आणि आपल्याकडे दुसरी वाट नव्हती.

म्हणून एक विनंती. दाराशी ठेवलेल्या वहीत प्रत्येकाने दोन संपर्क लिहा. एक घरचा, दुसरा वेगळ्या गावातल्या माणसाचा. दोन्ही एकाच टॉवरवरचे नकोत. पुढे आजची तारीख टाका आणि दर मेळाव्याला ती वही तपासू या. शिळी माहिती ताजी समजून कोणी निर्धास्त राहायला नको.