थांबणारा नट

'चरित्र अभिनेता' हा भारदस्त शब्द आपण घरी बोलताना कधी वापरत नाही. आपण म्हणतो, 'अगं तो नाही का, ऐश्वर्याच्या बापाचं काम केलेला!' मराठी मुलखाबाहेर विक्रम गोखले यांना बरीच वर्षं लोक असेच ओळखत. 'अग्निपथ'मधले कमिशनर गायतोंडे, 'हम दिल दे चुके सनम'मधले पंडित दरबार, 'भूलभुलैया'मधले आचार्य. पोस्टरवर चेहरा दुसऱ्याचा, पण हे पडद्यावर आले की बाकीचे जरा सावरून उभे राहत.

आपल्या नाशिकशी त्यांचं नातं जन्माआधीचं. 'राजा हरिश्चंद्र' सिनेमा काढताना दादासाहेब फाळक्यांना कामाला बाई मिळाली नाही. तारामती केली ती अण्णा साळुंके यांनी. त्याच १९१३ साली फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि इथं त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' केला. या खेपेला एक सोडून दोन बाया मिळाल्या, त्याही मायलेकी. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, कमलाबाई मोहिनी. या कमलाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांची आजी. वडील चंद्रकांत गोखलेही नटच. म्हणजे आपल्या गावात पणजी आणि आजी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि नातवानं तोच धंदा पुढं चालवला.

हा नातू करायचा काय? थांबायचा. समोरच्याचं वाक्य संपलं तरी उत्तर लगेच द्यायचा नाही. मान किंचित वळायची, नजर एका जागी रुतायची, आणि मग सावकाश पहिला शब्द. 'बॅरिस्टर' नाटकापासून प्रेक्षकांनी त्यांच्या या थांबण्याला दाद दिली. कुणाला त्याचा कंटाळाही येई, आणि खरं सांगायचं तर काही मालिकांमध्ये तो थांबा जरा लांबायचाच. मी इथं तेवढा वेळ गप्प बसलो तर तुम्ही रेडिओचे सेल बदलायला उठाल! पण 'अनुमती' सिनेमात त्याचं मोल कळतं. पत्नी व्हेंटिलेटरवर, पैसे संपलेले, आणि निवृत्त शिक्षकापुढं प्रश्न तिला जाऊ देण्याच्या कागदावरच्या एका सहीचा. तिथं बोलण्यासारखं काही नसतंच. चेहऱ्यानंच निभवायचं असतं. या कामासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफान खान यांच्याबरोबर विभागून. इतकी वर्षं दुसऱ्यांचे बाप आणि साहेब होऊन झाल्यावर, साठी उलटून गेल्यावर.

मग २०१६ चा 'नटसम्राट' सिनेमा. मूळ नाटक आपल्या तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं. त्यातले गणपतराव झाले नाना पाटेकर, आणि त्यांचा मित्र रामभाऊ झाले गोखले. दवाखान्यातल्या खाटेवर पडून रामभाऊ मित्राबरोबर कर्ण-कृष्णाचा प्रवेश करतो. सिनेमा नानांचा, हे कबूल. तो प्रवेश मात्र दोघांचा, आणि माझं मत विचाराल तर काकणभर जास्त खाटेवरच्या माणसाचा.

नाशिक त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येत राहिलं. 'अग्निहोत्र' मालिकेतला अग्निहोत्रींचा वाडा नाशिकचा, आणि त्यातले मोरेश्वर अग्निहोत्री गोखलेच. त्यानंतर निखिल महाजन यांचा 'गोदावरी'. तो तर नदीकाठी, आपल्या घाटावर घडतो. त्यात गोखले आहेत स्मृती हरपलेले आजोबा, आणि त्या आजोबांचं नाव काय, तर नारोशंकर! ज्या देवळाची घंटा पूर आला की आपण आठवतो, तेच नाव. नाशिककराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

'गोदावरी' चित्रपटगृहात लागला ११ नोव्हेंबर २०२२ ला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला विक्रम गोखले पुण्यात निवर्तले. 'गोदावरी' पाहिला नसेल तर जरूर पाहा, आणि आजोबा गप्प बसतात तिथं सिनेमा पुढं पळवू नका.