सरहद्दीवरचा ताप आणि कामगाराचा कागद

(वर्धापनदिनी विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला आरोग्यावर बोला म्हणून सांगितलं. आम्ही काही डॉक्टर नव्हे. गिरणीत उमेदीची वर्षं गेली, वाचलं ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकड्यावर. तेव्हा चुकलंमाकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. पण औषधाला दाद न देणारा हिवताप, म्हणजे मलेरिया, आणि औषधाला दाद न देणारा टी.बी. हे नुसते डॉक्टरांचे विषय आहेत असं आम्ही मानत नाही. ते पोटासाठी मुलूख सोडणाऱ्या माणसाचे विषय आहेत. कसे, ते सांगतो.

कंबोडियाच्या पश्चिमेला थायलंडच्या हद्दीला लागून पायलिन नावाचा मुलूख आहे. तिथे जमिनीत माणिक आणि नीलम सापडतात. ते खणायला लांबून माणसं यायची, रानात झोपडी घालून राहायची, ताप आला की मिळेल त्या गोळ्या गिळायची. क्लोरोक्विनला न जुमानणारा हिवताप १९५० च्या दशकाच्या अखेरीस जगात पहिल्यांदा जिथे दिसला त्यात ही थाई-कंबोडिया सरहद्द आहे. वीसेक वर्षांत तो आफ्रिकेत पोचला आणि तिथली लहान लेकरं फार मोठ्या संख्येने दगावली. त्यानंतर जे औषध आलं त्याचीही याच भागात तीच गत झाली.

मग आलं आर्टेमिसिनिन. चीनच्या तू यूयू या बाईंनी जुन्या वैद्यकग्रंथांचा आधार घेऊन एका वनस्पतीतून ते काढलं. त्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण त्याआधीच, २००९ साली, पायलिनहून बातमी आली होती. दुसरीकडे जे जंतू दोन दिवसांत रक्तातून नाहीसे होत, त्यांना इथे साडेतीन दिवस लागत होते. पुन्हा तीच जागा!

आता ही जागा काय शापित आहे? अजिबात नाही. आर्टेमिसिनिन जोडीच्या दुसऱ्या औषधाबरोबर द्यायचं असतं, म्हणजे एकातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. तिथल्या दुकानांत मात्र ते सुटं विकलं जाई. नकली गोळ्याही विकल्या जात. आणि ताप उतरला की माणूस कामावर. उरलेल्या गोळ्या तशाच उशाशी. खाडा परवडत नाही, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. अर्ध्या औषधातून वाचलेला जंतू अंगात घेऊन तोच माणूस पुढच्या खाणीवर, पुढच्या देशात जायचा.

डास हद्द बघत नाही, सरकारी खातं मात्र हद्दीपाशी थांबतं. ही गोष्ट ओळखून २०१३ साली ग्लोबल फंडाने कंबोडिया, लाओस, म्यानमार, थायलंड आणि व्हिएतनाम या पाच देशांसाठी मिळून दहा कोटी डॉलरची योजना काढली. पैसा मोठा होता. पण आमच्या मते खरं काम केलं ते गावातल्या माणसाने. गावातलाच एकजण शिकवून तयार करायचा, त्याने बोटाला टोचून तिथल्या तिथे तपासणी करायची, गोळ्या फुकट द्यायच्या आणि पुऱ्या होतात की नाही ते बघायचं. कंबोडियात ही पद्धत आधीपासून होती, तिला आता बळ मिळालं. सुट्या गोळ्यांवर कंबोडियाने २००९ मध्येच बंदी घातली होती. कुठलं औषध कुठे निकामी होतंय ते पाचही देश एकमेकांना कळवू लागले. कंबोडियात एक जोडी फोल ठरली तेव्हा ती बदलण्यात आली. २०१८ पासून पुढे कंबोडियात कित्येक वर्षं हिवतापाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही.

हे टिकेल असं मात्र कुणी समजू नये. म्यानमारमध्ये २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराने सत्ता घेतली, गावं उठली, दवाखाने मोडले. हिवताप पुन्हा वाढला आणि निर्वासितांबरोबर थायलंडच्या हद्दीतल्या जिल्ह्यांतही दिसू लागला. कुणी म्हणेल, मग हद्दच बंद करा. त्यांना आमचं सांगणं असं की रवांडा, युगांडा, एरिट्रिया इथे आर्टेमिसिनिनला दाद न देणारे जंतू बाहेरून आलेले नाहीत, तिथेच तयार झाले. फाटकावर पहारेकरी बसवून काय उपयोग?

टी.बी.ची कथा याहून वेगळी नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत लेसोथो, मोझांबिक, इस्वातिनी इथली माणसं पिढ्यान् पिढ्या राबली. दगडाच्या धुळीने फुप्फुस निकामी होतं आणि मग क्षय सहज धरतो. आजारी पडला की माणूस गावी, आणि उपचाराचा कागद खाणीच्या दवाखान्यात. हद्दीपलीकडे पुन्हा पहिल्यापासून तपासणी, मधले महिने औषधाविना. २०१२ साली मोझांबिकच्या मापुटो शहरात तिकडच्या राष्ट्रप्रमुखांनी खाणकामगारांच्या क्षयाबद्दल जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सह्या आम्ही आयुष्यात पुष्कळ पाहिल्या आहेत. पण रोग्याच्या मागोमाग त्याचा उपचार हद्द ओलांडून गेला पाहिजे, हे त्यात लिहिलं गेलं याला आम्ही किंमत देतो.

याच आफ्रिकेशी आपल्या मुंबईचा एक धागा आहे. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतल्या फुमेझा तिसिले आणि मुंबईच्या नंदिता वेंकटेशन, दोघींनी टी.बी.वर मात केली, पण औषधांच्या दुष्परिणामाने दोघींची श्रवणशक्ती गेली. कान न घालवणारी बेडाक्विलिन नावाची गोळी आली, ती महाग. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला तिच्यावरची मक्तेदारी जुलै २०२३ च्या पुढे वाढवून हवी होती. या दोघींनी २०१९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. इतर कंपन्यांना ती गोळी स्वस्तात करायची वाट मोकळी झाली. पूर्वी दीड-दोन वर्षं चालणारे उपचार आता बेडाक्विलिनसह नव्या औषधांनी बऱ्याच रोग्यांत सहा महिन्यांत होतात. दोन देशांतल्या दोन मुली, त्यांनी हे घडवलं!

जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. आपल्या चाळीतला, झोपडपट्टीतला माणूस शिमग्याला नाहीतर सुगीला गावी जातो, बिहार-उत्तर प्रदेशचा त्याहून लांब जातो. त्याचा कागद मुंबईत राहता कामा नये. सरकारी नोंदीत प्रत्येक टी.बी. रोग्याला निक्षय नावाचा एक क्रमांक मिळतो, त्यावर उपचार दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात बदली करून घेता येतात आणि औषध फुकट असतं. आहारासाठी दरमहा हजार रुपये आहेत. हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

तर रविवारी वंदना झाली की आम्ही बाहेरच्या ओट्यावर वही घेऊन बसणार आहोत. ज्यांच्या घरात औषध चालू आहे आणि गावी जायचं आहे त्यांनी तिकीट काढायच्या आधी कार्ड घेऊन यावं. नाव वहीत राहील, चाळीत कुणाच्या कानावर जाणार नाही. क्रमांक पाहू, दवाखान्यात बरोबर येऊ, बदलीचं काम करून घेऊ. ज्यांना चालवत नाही त्यांच्या खोलीवर आम्ही येतो.